निर्दोष सुटलात, पण रकान्यात विचारले काय होते?

प्रश्न : भांडणाच्या एका प्रकरणात माझ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम 324 (धोकादायक हत्याराने दुखापत) खाली खटला झाला. 2022 मध्ये निर्दोष मुक्तता झाली. नंतर राज्य शासनाच्या नोकरीसाठी निवड झाली तेव्हा साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी पूर्वचरित्र पडताळण्यासाठी भरून घेतात तो कागद) गुन्ह्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले, कारण मी निर्दोषच आहे. आता ‘माहिती दडवली, नेमणूक रद्द का करू नये’ अशी नोटीस आली आहे. काय करावे?

उत्तर : तुम्ही नोटिशीचा फोटो पाठवला, निकालाचे पहिले पान पाठवले, ज्या कागदावर सगळे अडले आहे तो भरलेला नमुना मात्र नाही. सही करून दिलेल्या कागदाची झेरॉक्स न ठेवणारे तुम्ही पहिले नाही. आजच कार्यालयाकडे प्रत मागा, लेखी अर्जाने, पोच घेऊन.

या रकान्यात बहुधा चार प्रश्न एकत्र कोंबलेले असतात : कधी अटक झाली होती का, कधी खटला चालला होता का, कधी दोषी ठरलात का, सध्या खटला प्रलंबित आहे का. निर्दोष सुटलेल्या माणसाला ‘नाही’ लिहिता येते ते शेवटच्या दोन प्रश्नांना. झालेली अटक आणि चाललेला खटला निकालाने पुसला जात नाही. अवतार सिंग प्रकरणात (2016) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नमुन्यातला प्रश्न नेमका हवा. जे नेमके विचारलेच नाही ते न सांगणे म्हणजे दडवणे नव्हे. तेव्हा रकान्यात फक्त ‘दोषी ठरलात का’ असेल, तर तुमचे ‘नाही’ खरे आहे आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करा. ‘खटला चालला होता का’ असेल, तर उत्तर चुकीचे होते हे सरळ मान्य करा. ‘नजरचुकीने राहिले’ लिहू नका. स्वतःवरचा खटला कोणी विसरत नाही.

उत्तरात ‘दोषमुक्त’ हा शब्दही नको. बातम्यांत ‘निर्दोष’ आणि ‘दोषमुक्त’ सरमिसळ चालतात, पण ‘दोषमुक्तीचा अर्ज’ म्हणतात तो आरोपनिश्चितीच्या, म्हणजे न्यायालय आरोप ठरवते त्या टप्प्याच्या, आधीचा. दोषमुक्ती ही कायद्याने निर्दोष मुक्तता नव्हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 300 च्या स्पष्टीकरणात तसे लिहिलेच आहे. तुमचा खटला पुरावा होऊन संपला. तुमची ती ‘निर्दोष मुक्तता’.

ती कशी झाली हे मात्र निकालाच्या पहिल्या पानावर नसते. प्रमाणित प्रत काढा आणि अंतिम आदेशाच्या वरचे दोन-तीन परिच्छेद वाचा. कलम 323 (साधी दुखापत) तडजोडीने मिटते आणि त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच असतो. 324 तसे मिटत नाही. म्हणून बाहेर समेट झाला की फिर्यादी साक्षीत फितूर होतो आणि निकालात ‘संशयाचा फायदा’ येतो. तुमचेही तसेच झाले असावे. ‘सन्मानाने मुक्तता’ हा शब्दप्रयोग संहितेत कुठेच नाही, तो न्यायालयांनी रूढ केला, असे सर्वोच्च न्यायालयानेच 2012 च्या समुथिरम प्रकरणात म्हटले आहे. पुरावा पूर्ण तपासून अभियोग पक्ष आरोप सिद्ध करण्यात सपशेल अपयशी ठरला, असे निकालातून दिसले तर ती तशी मुक्तता. खाते नेमका हाच फरक पकडते. तुमच्या निकालात तसे एखादे वाक्य असेल तर ते जसेच्या तसे उतरवा. नसेल तर गुन्ह्याचे किरकोळ स्वरूप आणि त्या वेळचे वय यांवर भर द्या. एवढ्याने नोकरी वाचेल का, हे पदावर आणि अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे. पोलीस दलात कसोटी कडक असते.

नोटिशीची मुदत चुकवू नका. प्रमाणित प्रत वेळेत मिळत नसेल, तर नकलेच्या अर्जाची पोच जोडून मुदत संपण्याआधी मुदतवाढ मागा. तरीही नेमणूक रद्द झालीच, तर आदेशापासून एक वर्षाच्या आत मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जावे लागते. तिथे तारखा पडायला वेळ लागतो, म्हणून अकराव्या महिन्यात वकील शोधू नका.