पृष्ठफळ सारखं असलं की घनफळही सारखंच असतं का? आणि पृष्ठफळ दुप्पट केलं तर?

नाही. हे ‘नाही’ मी आमच्या तात्यांना, म्हणजे थोरल्या चुलत्यांना, वीस वर्षांपासून सांगतोय.

आमचं गाव अंबाजोगाईकडचं. एका पावसाळ्यात माळवद, म्हणजे मातीचं छत, गळलं, बळदात, म्हणजे धान्याच्या जुन्या कोठारात, ओल गेली आणि ज्वारी काळी पडली. म्हणून तात्यांनी कोठीसाठी ८ बाय ४ फुटांचा पत्रा आणला. म्हणाले, उभा वळवा, जागा कमी अडंल. मी अकरावीत. म्हटलं, आडवा वळवा, दुप्पट मावेल. “पत्रा तेवढाच हाय की रं, मंग माल जास्त कुठून मावंल?” ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या बैठकीत, बसलेले सगळे हसले.

मी तिथंच खडूनं हिशेब मांडला. घेर ८, उंची ४ धरली तर साधारण २०.४ घनफूट. घेर ४, उंची ८ धरली तर १०.२. पत्रा दोन्हीकडे ३२ चौरस फूटच. घनफळात उंची एकदाच येते, त्रिज्येचा मात्र वर्ग होतो, म्हणून हा फरक. गॅलिलिओनं हेच धान्याच्या पोत्याचं उदाहरण घेऊन १६३८ साली छापलंय. ढाळजेत गॅलिलिओला कोण विचारतो! पण कारागिराला पटलं आणि त्यानं आडवा वळवला.

कोठी झाली अडीच फुटांहून जरा जास्त रुंद. आतल्या खोलीचं दार सव्वादोन फुटी. चौकट काढावी लागली, गवंड्याचे पैसे तात्यांनी दिले, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात पाहुण्यांना ‘आमचा गणितवाला’ म्हणून माझी ओळख होते. यात गणित कुठं चुकलं, सांगा. दाराचं माप घ्यायचं काम माझं होतं, एवढं मान्य.

दुप्पटीचं म्हणाल तर आकार तोच ठेवून पृष्ठफळ दुप्पट केलं की घनफळ सुमारे २.८३ पट होतं. सूत्रं पाठ करून हे कळत नाही, वहीचा एक कागद दोन्ही बाजूंनी वळवून त्यात ज्वारी भरून बघा.

हां, एक राहिलं. वरचा हिशेब नुसत्या भिंतीचा आहे. बुड आणि झाकण धरलं तर रुंद कोठीला साडेसात चौरस फूट पत्रा जास्त लागतो, आणि तो आम्हाला वेगळा आणावा लागला होता. हे तात्या विसरलेत, कृपया कुणी आठवण करून देऊ नका. त्या कोठीत चार क्विंटलच्या वर ज्वारी बसते. त्यांच्या उंच कोठीत दोनच बसली असती.