जळगावातील माझ्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवता येते का?

होय, तुमच्या जळगावच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवता येते; मात्र तिच्यात अजून डायनामो (इंजिनवर चालणारे जुन्या पद्धतीचे वीजनिर्मिती यंत्र) असेल, तर आधी त्याजागी अधिक वीज देणारा अल्टरनेटर बसवणे अपरिहार्य आहे. कारण दाणा बाजारासारख्या गर्दीत, गाडी जवळजवळ उभी असताना चाके वळवली, की स्टिअरिंगच्या दांड्यावरील मोटर क्षणभर ४० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढते, आणि त्या काळच्या डायनामोची पूर्ण क्षमता साधारण २२ अँपिअर इतकीच असते. बॅटरीपासून मोटरपर्यंत जाड वायर व स्वतंत्र फ्यूज हवा. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला असल्यास डॅशबोर्डखाली मोटरसाठी जागा काढणे हेच खरे अवघड काम ठरते, म्हणून माप घेतल्याशिवाय कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, कापू देऊ नका. कापलेला दांडा नुसता वेल्डिंग करून जोडणे जिवाशी खेळ आहे. तेथे स्प्लाइन (एकमेकांत घट्ट बसणाऱ्या खाचा) असलेला युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात वळू शकणारा सांधाच, वापरावा. तथापि, खर्चापूर्वी टायरमधील हवा तपासून पुढच्या सांध्यांना ग्रीस भरून पाहा, कारण जड स्टिअरिंग पुष्कळदा तेवढ्यानेही हलके होते.