सीओसीवर सही कुणाची?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग घेऊन पंपाच्या बॉडी मशीनिंग करून देतो. मी बहुधा बाहेर असतो, त्यामुळे गाडी भरली की डिस्पॅचचा मुलगा सीओसीवर (माल ऑर्डरप्रमाणे असल्याच्या प्रमाणपत्रावर) माझ्या नावाचा शिक्का मारून सही ठोकतो. ग्राहकाच्या ऑडिटरने यावर हरकत घेतली. सही मालकानेच करायला हवी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मालकानेच करावी असं कुठे लिहिलेलं नाही. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या कलम ८.६ ला हुद्द्याशी देणंघेणं नाही. माल सोडायला मंजुरी कुणी दिली, हे रेकॉर्डवरून सापडलं म्हणजे झालं. तुमच्याकडे नेमकं तेच सापडत नाही. ज्याचं नाव आहे तो गावाला, आणि ज्याने सही केली त्याने बोअर गेज (भोकाचं माप घ्यायचं साधन) कधी हातात धरलेला नाही.

फायनल इन्स्पेक्शन जो करतो त्याला सही करू द्या. त्याच्या नावाने अधिकारपत्र काढा, त्यावर नमुना सही घ्या, तो रजेवर असेल तर बदली कोण तेही लिहा. मालकाची सही लागते ती या पत्रावर.

मात्र पीओ (ग्राहकाची खरेदी ऑर्डर) नीट वाचा. त्यात ईएन १०२०४ (धातूच्या मालाच्या तपासणी-प्रमाणपत्रांचं युरोपियन मानक) चा टाइप २.१ मागितला असेल, तर माल ऑर्डरप्रमाणे आहे एवढं लिहून दिलं की भागतं. ३.१ मागितला असेल तर चाचणीचे आकडे लागतात आणि सही करणारा प्रॉडक्शनच्या हाताखालचा चालत नाही. महिनाअखेरीला ‘सोड रे गाडी’ म्हणणारा सुपरवायझरच सही करत असेल, तर तो ३.१ नव्हे. ३.२ ला ग्राहकाचा किंवा सरकारी नियमाने नेमलेला निरीक्षकही सही करतो.

धातूचं केमिकल आणि स्ट्रेंग्थ यांची ग्वाही फाउंड्रीने द्यायची, तुम्ही नाही. तिची टीसी (चाचणी प्रमाणपत्र) आपल्या लेटरहेडवर पुन्हा टाइप करायची खोड आपल्याकडे फार आहे, ती सोडा. मूळ टीसीची प्रत जशीच्या तशी जोडा आणि बॉडीवरचा हीट नंबर (धातूच्या कोणत्या वितळणीतलं कास्टिंग ते सांगणारा) तिच्याशी जुळतोय का ते पाहा. मशीनिंगमध्ये तो नंबर उडत असेल तर आधी दुसरीकडे पंच करून घ्या. तुमच्या सीओसीत तुम्ही केलेलं काम आणि मोजलेली मापंच येऊ द्यात.

गेलेल्या मालाचे इन्स्पेक्शन रिपोर्ट असतील तर ते तपासून नव्या सहीने, आजच्या तारखेने सीओसी पाठवा. रिपोर्टच नसतील तर ग्राहकाला तसं कळवा.