यंदाचं काय आवडलं? जे आमच्याकडे पोचलं ते!

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की २०२५ मध्ये बघितलेल्या सिनेमांबद्दल, खेळलेल्या गेम्सबद्दल काय विचारायचं असेल तर विचारा. एवढे मेसेज आले की संपादक म्हणाले दोन पानं घे आणि काय ते एकदाच उरक. काही पत्रं कापलीयेत, राग मानू नका.

एकच सिनेमा सांगा. 'हा पण चांगला, तो पण चांगला' असलं नको. (देवगड)

'दशावतार'.

झालं खरं तर उत्तर, पण एवढ्यावर सुटका करून घेतली तर मामा मला घरात घेणार नाहीत. सिनेमा आला १२ सप्टेंबरला, अकरा दिवसांचे गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता, चाकरमानी परतलेले, घरात एकदम सामसूम. माझे मामा वीसेक वर्षं दहीकाल्यात, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकात, मृदंग वाजवायचे, त्यांना म्हटलं चला, तर आधी नको नको, मग थिएटरात एसी असतो म्हणून सप्टेंबरात मफलर गुंडाळून तयार. दिग्दर्शक सुबोध खानोलकर, आणि बाबुली मेस्त्री नावाच्या म्हाताऱ्या दशावतारी कलाकाराच्या कामात दिलीप प्रभावळकर, वय वर्षं ८१. बाबुलीचे डोळे अधू होत चाललेत, मुलगा म्हणतो बाबा आता पुरे, आणि बाबुलीला काही सोंग सुटत नाही. पुढचं सांगत नाही.

मी अर्धा वेळ पडद्याकडे आणि अर्धा वेळ मामांच्या हाताकडे बघत होतो. खुर्चीच्या दांड्यावर बोटं चालू. मध्येच थांबली, मामा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "हयसर आमची थाप येगळी." आणि परत बोटं चालू. इंटरव्हलला वडापाव घेतला तरी शब्द नाही, नुसते समोर बघत बसलेले.

ज्यांनी जत्रेत रात्र काढलीय त्यांना माहितीय, दशावतारी आपला रंग आपणच लावतो, देवळाच्या मागच्या बाजूला एका हातात एवढासा आरसा धरून. आधी आडदशावतार, म्हणजे नाटकाची सुरुवात, होतो, संकासुर येऊन पोरांना हसवून-घाबरवून जातो, मग आख्यान, आणि त्यात संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बाकी समोरचा राजा काय बोलेल त्यावर आपण काय बोलायचं ते तिथं उभं राहून. लहानपणी मला वाटायचं सगळं पाठ करून येतात. प्रभावळकरांनी हे पकडलंय असं मला वाटतं, म्हणजे घरातला बाबुली आणि सोंगातला बाबुली, दोघांच्या मानेतच फरक आहे.

तक्रार पण आहे. दुसरा अर्धा भाग सूडाच्या वाटेला लागतो आणि वाईट माणसं एकदम ठोकळेबाज होतात. सिनेमातला वाद खाणीवरून आहे. रेडी, कळणे ही सिंधुदुर्गातल्या खाणींच्या गावांची नावं ऐकून जे मोठे झालेत त्यांना खाणीचा विषय काय असतो ते सांगावं लागत नाही, पण खऱ्या आयुष्यात खाणीची बाजू घेणारा माणूस कधीकधी आपलाच चुलतभाऊ असतो आणि त्याच्या मुलाला नोकरी हवी असते. तो चुलतभाऊ सिनेमात हवा होता. असो, तरीही पहिला नंबर ह्याचाच.

'दशावतार' म्हणजे 'कांतारा'ची कॉपी असं आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतायत. (कणकवली)

ग्रुप बदला. पोस्टर बघून मलाही तसंच वाटलेलं, ते मान्य. पण 'कांतारा' ह्या कन्नड सिनेमातला भूतकोला म्हणजे अंगात दैव येणं, तिथे माणूस बाजूला होतो. दशावतार हे नाटक आहे, रात्रभर राजा झालेला माणूस पहाटे तोंड धुतो, टपरीवर चहा पितो आणि सकाळी रिक्षा घेऊन स्टँडला उभा असतो. सोंग कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो ही ह्या सिनेमाची गाठ आहे, ती तिकडून उचलता येणारच नाही.

तुम्ही २०२५च्या यादीत पायल कपाडियांचा 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट' टाकलात. तो २०२४चा आहे. चूक दुरुस्त करणार का? (रत्नागिरी)

नाही करणार. तुमचं कॅलेंडर बरोबर आहे. मे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या नंबरचं बक्षीस, मिळालं, तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा परत पोचायला ३० वर्षं लागली होती, आणि नोव्हेंबरात तो आपल्याकडे थिएटरात लागला. 'आपल्याकडे' म्हणजे मुंबई-पुण्यात हो. आमच्या जवळच्या थिएटरात तेव्हा मारामारीचे सिनेमे जोरात होते. मला तो दिसला जानेवारीत, ओटीटीवर आल्यावर, फोन उशीला टेकवून. माझ्या वर्षात तो जानेवारी २०२५ मध्येच आला, त्याला मी काय करू? शहरातली माणसं डिसेंबरात याद्या काढतात कारण त्यांच्याकडे शुक्रवारचं शुक्रवारी पोचतं. आम्ही तसा हिशोब धरला तर आमची यादी दरवर्षी अर्धी कोरीच राहील.

आणि गंमत बघा, ज्या सिनेमाचा शेवट तुमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होतो तोच इथे यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. छाया कदम त्यात हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती झाल्यात. चाळीतली खोली बिल्डर घेतोय, नवऱ्याच्या माघारी हातात कागद नाहीत, शेवटी ती सामान बांधून गावी येते आणि सोबत दोन मल्याळी नर्स मैत्रिणी. कोकण म्हटलं की सिनेमावाल्यांना माड, गणपती आणि इरसाल म्हातारे एवढंच सुचतं. इथे गाव सुंदर आहे म्हणून कोणी येत नाही, मुंबईत जागा उरली नाही म्हणून येतं. आमच्या वाडीत अशी तीन घरं मी दाखवतो, पंचवीस-तीस वर्षं बंद होती, आता त्यात साठीची माणसं परत आलीयत आणि पहिला महिना नुसते वाळवी लागलेले वासे बदलण्यात गेला. सिनेमाच्या शेवटी रात्री किनाऱ्यावरच्या खोपटात दिवे लागतात, ते मी तीनदा मागे नेऊन बघितलं.

दादा, 'क्लेअर ऑब्स्क्युर' की 'सिल्कसाँग'? होस्टेलवर रोज भांडणं होतायत. (कुडाळ, इंजिनिअरिंग दुसरं वर्ष)

अभ्यास करा रे. बरं, सांगतो.

'हॉलो नाइट: सिल्कसाँग'ची घोषणा झाली फेब्रुवारी २०१९ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची टीम चेरी, हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच माणसं, आणि गेम आला ४ सप्टेंबर २०२५ला. आपल्याकडे तेव्हा किती वाजले होते? संध्याकाळचे साडेसात! घरात अकरा दिवसांचा गणपती, सतरा माणसं, मी झांज हातात घेऊन आरतीला उभा आणि डोकं सगळं स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात. 'घालीन लोटांगण' झाल्या झाल्या पळालो तर स्टोअरच झोपलेलं, जगभरातली जनता एकाच वेळी तिथे घुसलेली. रात्री भजनाची मंडळी उसळ-पाव खाऊन गेल्यावर एकदाचा मिळाला. डाउनलोड छोटा, तेवढं आमच्या नेटला झेपतं.

मग सुरू झाली धुलाई. ह्यातली नायिका हॉर्नेट म्हणजे हातात सुई, अंगात रेशीम, एकदम चपळ, पण सुरुवातीला जीव पाच आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन घेतात. गणित तुम्हीच करा, इंजिनिअरिंगला आहात. मेलं की शेवटच्या बाकापासून (तिथे बसलं की गेम सेव्ह होतो) परत सगळी वाट तुडवत यायचं, आणि काही बाकांवर बसायला पण पैसे! पुढे त्यांनी सुरुवातीचे एक-दोन बॉस, म्हणजे मोठे शत्रू, थोडे सोपे केले, पण मी तोपर्यंत मार खाऊन मोकळा झालेलो, त्यामुळे त्या अपडेटचा मला जरा रागच आला.

'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल कंपनीचा. डिसेंबरात गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम पण तोच. कल्पना भारी आहे, एक चित्रकारीण दरवर्षी एका खांबावर आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं नाहीशी होतात, आणि दरवर्षी आकडा एकने खाली येतो. आता ३३. मी ४१, म्हणजे माझा नंबर कधीच लागून गेला असता. आळीपाळीने मारायचा गेम पण समोरचा मारतो तेव्हा वेळ साधून फटका अडवायचा, त्यामुळे झोप लागत नाही. फक्त जागा खातो ५५ जीबी. आमच्याकडे पहिल्या रात्री ११ जीबी उतरला, दुसऱ्या रात्री पाऊस, लाईट गेली ती सकाळी आली. शेवटी हार्ड डिस्क खिशात घालून सावंतवाडीला मित्राकडे गेलो, त्याच्याकडे फायबर आहे, त्याच्या बायकोने सोलकढी पाजली, सहा तास गप्पा मारल्या आणि गेम घेऊन आलो. एवढा प्रवास करून आणलेली वस्तू वाईट आहे असं म्हणवतच नाही.

तरीपण माझं मत 'सिल्कसाँग'ला. 'क्लेअर'ची गोष्ट ऐकून मी रडलो, पण परत सुरू करावासा वाटला नाही, आणि 'सिल्कसाँग' अजून रोज रात्री जेवणानंतर चालू आहे. होस्टेलवर सांगा, वाद मिटला.

माझ्या मुलाने मोबाईल गेममध्ये माझ्या खात्यातले नऊ हजार घालवले. आणि तुम्ही गेमचं कौतुक करता! घरात गेमचं नाव काढायचं नाही असं ठरवलंय. (मालवण, एक आई)

ताई, तुमचा राग बरोबर आहे, नऊ हजार म्हणजे चेष्टा नाही. फक्त एक बघा, तो गेम होता की जुगार? पैसे लावा, जिंकलात तर पैसे मिळतील, असं असेल तर त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेच कायदा करून बंदी आणलीय. शिक्षा असे खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे मुलाला पोलिसांची भीती घालू नका. दुसरा प्रकार म्हणजे गेममध्येच कपडे, बंदुका विकत घेणं. त्याला बंदी नाही, तिथे आपणच फोनवर खरेदीला पासवर्ड लावायचा आणि यूपीआयचा पिन पोरांना सांगायचा नाही. माझ्या बहिणीने पिन फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवला होता, म्हणून सांगतोय.

नाव काढायचं नाही असं मात्र करू नका, तो शेजारच्याच्या फोनवर खेळेल. एकदा बाजूला बसून विचारा ह्यात करायचं काय असतं. सांगताना तो कुठे अडखळतो त्यावरून तुम्हाला बरंच कळेल.

माझ्याकडे साधा स्मार्टफोन, गावात रेंज माडावर चढलं तर मिळते. मी काय खेळू? (आचरा)

'बलात्रो'. हा पण २०२४चा, रत्नागिरीकरांनी माफ करावं. एका माणसाने बनवलाय, स्वतःचं खरं नावही सांगत नाही, लोकलथंक म्हणतात. पत्त्यांचा गेम, पोकरसारखे हात लावायचे आणि दीडशे प्रकारचे जोकर आहेत ते सगळे नियम वाकवतात. एकदा विकत घ्या, मग जाहिराती नाहीत, नेट नाही, पैसे लावणं नाही. तरी पत्ते दिसतात म्हणून युरोपात त्याला आधी १८ वर्षांवरच्यांचा शिक्का मारलेला, अपील झालं तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये १२वर आणला. आमच्या काकूला हे अपील कोणी कळवलेलं नाही. ती मला बघते आणि म्हणते, "पत्ते खेळतंस? दिसाढवळ्या?" गणपतीच्या जागरणाला हीच काकू पहाटे चारपर्यंत सगळ्यांची मेंढी काढते.

लग्नाला दोन वर्षं झाली, बायकोला गेम आवडत नाहीत. काही उपाय? (चिपळूण)

'स्प्लिट फिक्शन'. मार्चमध्ये आलाय, दोघांशिवाय चालतच नाही, आणि एकाने घेतला की दुसऱ्याला फुकट खेळता येतो. आमच्या हिने पहिल्यांदा रिमोट उलटा धरलेला. त्यात एका ठिकाणी दोघांची डुकरं होतात आणि पुढे त्यांचे सॉसेज, तिथे ती एवढी हसली की सासूबाई बघायला आल्या. आता मला सांगते, तू उडी लवकर मारतोस.

'सैयारा'बद्दल एक शब्द नाही? (वेंगुर्ला)

भाची रडली, मी पॉपकॉर्न संपवला.

माका 'दशावतार' बघूचो आसा, पण गुडघे दुखतत, थेटर लांब. (पेंडूर, वय ७८)

आजोबा, आता तो ओटीटीवर आलाय, नातवाला सांगा, टीव्हीला जोडून देईल. आवाज मोठा ठेवा, फोनच्या स्पीकरवर मृदंग नुसता टकटक वाजतो. आणि जत्रांचे दिवस आहेत, दहीकाला जवळ कुठे असेल तर त्याच नातवाला म्हणावं गाडी काढ, खुर्ची पण घे.

२०२६ मध्ये कशाची वाट बघताय? (गुहागर)

सगळे 'जीटीए ६'ची बघतायत, तारीख १९ नोव्हेंबर दिलीय, ती पण दोनदा पुढे ढकलून. शिवाय आधी फक्त प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर, माझ्याकडे आहे कॉम्प्युटर. म्हणजे माझ्या हिशोबाने तो २०२८चा गेम झाला. सावंतवाडीच्या मित्राला आत्ताच सांगून ठेवलंय, हार्ड डिस्क मोठी घे म्हणून.