औंधची चित्रं, ओगलेवाडीची भट्टी आणि बारावीनंतरचा फॉर्म

प्रश्न : मी कराडला बारावी सायन्सला आहे. औंधचं संग्रहालय पाहिल्यापासून चित्रं बघायचं वेड लागलंय, मोबाइलवर जगभरातली चित्रं शोधत बसते. आजोबा ओगले काच कारखान्यात भट्टीवर होते. त्या कारखान्यावर माहितीपट करावा असं डोक्यात आहे. बाबा म्हणतात, 'चित्रं बघून पोट भरत नाही, गुपचूप इंजिनिअरिंगला जा.' काय करू?

उत्तर : बाबा म्हणतात ते खोटं नाही, अर्धवट आहे. नुसतं बघण्याचे पैसे कुणी देत नाही. आपल्याला जे दिसलं ते दुसऱ्याला दाखवता आलं, तर देतात.

तुझ्या या दोन आवडी तुमच्याच भागात एकत्र नांदल्या आहेत. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांच्या संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी आणि १९१६ साली ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला. संग्रहालय १९३८ चं. किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर तर मुळात मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येईनात म्हणून रंगकाम सुटलं, पण यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात हात बसला आणि त्यावरच मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायची नोकरी मिळाली. हे बाबांना सांग. ते म्हणतील, 'बघ, शेवटी यंत्रांकडेच वळले!' म्हणू देत.

आता एक चित्र शोध. जर्मन चित्रकार आडॉल्फ मेंझेल, लोखंडाच्या रोलिंग मिलचं (तापलेलं लोखंड रुळांमधून लाटणाऱ्या कारखान्याचं), १८७२ ते ७५ मधलं, सध्या बर्लिनला आहे. मधोमध पांढराफटक तापलेला लोखंडाचा तुकडा, उजेड त्याचाच. नजर तिथेच खिळते. तरी घाई करू नकोस. डावीकडे काही कामगार अंग धुतायत. उजव्या कोपऱ्यात आडोशाला बसून दोघं-तिघं जेवतायत आणि जेवण घेऊन आलेली बाई सरळ तुझ्याकडे बघतेय. साहेब कुठेतरी मागे, टोपीपुरता. मेंझेलने गिरणीत जाऊन शंभरावर रेखाटनं केली होती, म्हणून त्याला भट्टीइतकंच जेवणही दिसलं. तुझ्या फिल्ममध्ये फक्त पडक्या भिंती आणि गवत आलं, तर ती इतर शंभर फिल्म्ससारखीच होईल.

तेव्हा सुरुवात आजोबांपासून, आणि याच आठवड्यात. 'कारखाना कसा होता?' असं विचारलंस तर 'चांगला होता' एवढंच उत्तर मिळेल. फुंकणी तोंडाला लावल्यावर काच किती वेळात फुगवावी लागायची? भाजलं तर काय लावायचात? काच तडकली तर पगारातून कापायचे का? घरी ओगल्यांचा प्रभाकर कंदील असला तर त्यांच्या हातात दे, मग विचार. पंखा बंद, कॉलरला माइक, फोन आडवा. चित्र थोडं हललं तर चालतं, आवाज गेला की मुलाखत गेली. बंद आवारात शिरायचं तर आधी लेखी परवानगी काढ. आठ-दहा मिनिटांची फिल्म पुरे.

आता शिक्षण. अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) बारावीनंतर फिल्म अँड व्हिडिओ कम्युनिकेशन घेऊन बी.डिझाइन करता येतं. शाखेची अट नाही, पण जागा मोजक्याच. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेतल्या दिग्दर्शन, संकलनासारख्या मोठ्या अभ्यासक्रमांना पदवी लागते, ती इंजिनिअरिंगचीही चालते. म्हणजे बाबांच्या रस्त्यानेही ते दार बंद होत नाही. तरीही गणितात खरोखर रस नसेल, तर केवळ त्यांच्या समाधानासाठी चार वर्षं आणि एवढी फी घालवावी असं मला वाटत नाही. एनआयडी हुकली तर पुण्यात इतिहास घेऊन बीए कर आणि सोबत एडिटिंग शीक.

पैशाचंही स्पष्ट बोलू. केवळ माहितीपटांवर घर चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे कंपन्यांच्या फिल्म्स आणि एडिटिंगवर खर्च भागवतात. पुण्याचं टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज, मुंबईचं गोदरेज अर्काइव्ह्ज अशा ठिकाणी उद्योगांचा इतिहास जपला जातो. तिथे नोकऱ्या थोड्या, पण तुझ्यासारखीला इंटर्नशिपसाठी विचारून बघायला हरकत नाही.

एनआयडीचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास सुरू असतात, संकेतस्थळावर लक्ष ठेव. पहिली फेरी लेखी, त्यात चित्रं काढावी लागतात. तेव्हा रोज अर्धा तास हाताने रेखाटन कर, आजोबांच्या हातांपासून सुरू केलंस तरी चालेल.