जुनी कौलं विकू की स्लॅबमध्ये घालू?

प्रश्न : जांबोटी रोडला आमचं जुनं मातीचं घर आहे, ते पाडून नवीन बांधायचंय. मुलगा बेंगळूरला असतो, व्हिडिओ बघून मातीचे ब्लॉक घालूया, प्लास्टर नको म्हणून हट्ट धरून बसलाय. गवंडी म्हणतोय एका पावसात वाहून जाईल, आणि आमचे हे म्हणतात सरळ एएसी ब्लॉक (ते हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) घ्या. जुनी मंगळुरी कौलं भरपूर निघतील, ती विकायची काय?
- एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, वाहून बिहून काही जात नाही. ते ब्लॉक नुसत्या मातीचे नसतात, त्यात पाच ते दहा टक्के सिमेंट घालून मशीनमध्ये दाबतात, भाजत नाहीत, तीनेक आठवडे पाणी मारतात. बेंगळूरच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) 1974 पासून यावर काम झालंय. पण बेंगळूरचा पाऊस कुठं आणि जांबोटी-कणकुंबीचा कुठं! तेव्हा पाया, जोतं आणि पश्चिमेची भिंत जांभ्याचीच ठेवा, मातीचे ब्लॉक आतल्या भिंतींना घाला, वळचण तीन फूट तरी बाहेर काढा.

एएसी हलका असतो, विटेच्या साधारण तिसरा हिस्सा वजन, पण पाणी पितो. माझ्याच घरी कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारायची राहिली, दुसऱ्या पावसाळ्यात तिथंच उभी चीर पडली आणि आतून कपाटाच्या मागं ओल आली की.

कौलं मात्र अजिबात विकू नका! फिलर स्लॅब करा. केरळात लॉरी बेकर या आर्किटेक्टनी असल्या स्लॅबची कितीतरी घरं बांधली. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळ्या घेतात, तिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवत असतं, म्हणून सळ्यांच्या चौकटीत दोन-दोन कौलं एकावर एक पालथी-उताणी ठेवायची, मध्ये हवा राहते, खोली गार राहते आणि काँक्रीट पण वाचतं. सळ्यांचं अंतर कौलाच्या मापानं इंजिनिअरकडनं काढून घ्या, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. आदल्या दिवशी कौलं पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी घातली तर काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतात. वरनं उतार आणि वॉटरप्रूफिंग तर हवंच.

आणि पंख्याचे हुक, लाईटचे पाइप स्लॅब ओतायच्या आधीच टाकून घ्या, आमच्या ओळखीत एकानं नंतर भोक पाडायला घेतलं आणि ड्रिल थेट कौलात.