उपाशीपोटी कॉफी आणि अकराची धडधड

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३४. गेले काही महिने सकाळी अकराच्या सुमारास छातीत धडधडतं, हात थरथरतात, काहीतरी वाईट घडणार असं वाटत राहतं. ईसीजी आणि थायरॉइडच्या तपासण्या नॉर्मल आहेत. सकाळी घाईत खाणं होत नाही, कॉफी मात्र तोवर तीन कप होते. मूडशी संबंध असलेलं सेरोटोनिन हे द्रव्य आतड्यात तयार होतं असं वाचलं. काय खाल्लं म्हणजे ही चिंता जाईल?

उत्तर : काय खावं हे नंतर बघू. आधी ती उपाशीपोटी घेतलेली तीन कप कॉफी.

आपण दमलोय हे मेंदूला ॲडेनोसिन नावाच्या द्रव्यामुळे कळतं. कॅफीन नेमकी त्याची जागा अडवतं. शीण जाणवत नाही, पण शरीरात ॲड्रेनलिन वाढतं. बराच वेळ न खाल्ल्याने रक्तातली साखर उतरू लागली, तरी काहींचं शरीर तेच करतं. ॲड्रेनलिनने होणारी धडधड, घाम, थरथर ही चिंतेचीही लक्षणं. मग मन त्या धडधडीला कारण शोधत बसतं आणि ते त्याला लगेच सापडतं! निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सहसा चालतं. चिंतेकडे कल असलेल्यांना त्याहून बरंच कमीही बाधतं, हे मी रोज पाहते.

कॉफी एकदम तोडू नका, डोकं दुखेल, चिडचिड होईल. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करा. पहिल्या कपाआधी पोटात काहीतरी जाऊ द्या, त्यात प्रथिनं असावीत. दुपारनंतर कॉफी नकोच. निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण पाच तास लागतात आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीची चिंता वाढते.

सेरोटोनिनचं म्हणाल, तर शरीरातलं सुमारे ९० टक्के आतड्यात बनतं हे खरं, पण ते तिथून मेंदूत शिरत नाही. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरींवर कृपा करून पैसे घालवू नका.

दोन आठवडे वहीत लिहा : काय खाल्लं, किती कप, धडधड किती वाजता. कॉफी कमी होऊनही धडधड तशीच राहिली, किंवा तिच्या भीतीने तुम्ही कामं, माणसं टाळू लागलात, तर हा एकट्या आहाराचा प्रश्न नाही. समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधं, दोन्हींचा चांगला उपयोग होतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना ती वही सोबत न्या.